बारा जणांना डोंगरावरून उतरवणारा



आपण बेळगावकर रोज सैनिक पाहतो. पहाटे कॅम्पच्या रस्त्यावरून धावणारी पोरे, रेल्वे स्टेशनवर ट्रंकेवर बसून गाडीची वाट पाहणारे जवान, हे आपल्याला नवे नाही. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्रच आपल्या गावात आहे. त्यामुळे शौर्याच्या गोष्टी आपल्याला तोंडपाठ असतात. नामदेव जाधवांची गोष्ट तर शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. ९ एप्रिल १९४५, इटलीतली सेनिओ नदी. दोन जखमी सोबत्यांना त्यांनी एकेक करून खोल पाण्यातून पलीकडे आणले, मग परत जाऊन शत्रूच्या मशीनगन बंद पाडल्या आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. आज मात्र मी लिहिणार आहे ते एका परक्या सैनिकाविषयी. तो आपल्या देशाचा नाही, आपल्या भाषेचाही नाही. पण त्याची गोष्ट वाचल्यापासून गेले काही रविवार उपासनेत बसलो की तोच डोळ्यांसमोर येतो.

त्याचे नाव लेस्ली ॲलन. सगळे त्याला ‘बुल’ म्हणत. फुटबॉल खेळताना समोरच्यांच्या गर्दीत तो बैलासारखा घुसायचा, म्हणून ते नाव पडले. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात बॅलरॅट नावाचे शहर आहे. कधीकाळी सोन्याच्या खाणींनी गजबजलेले. तिथे १९१६ मध्ये तो जन्मला. बाप मजूर. घरात मारहाण, भांडणे. शेवटी आईबापांचा आधार सुटला आणि लेस्ली व त्याची बहीण त्याच शहरातल्या अनाथालयात वाढली.

इथे थोडे थांबायला हवे, कारण ‘अनाथालय’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे आईबाप वारलेली मुले येतात. त्या काळच्या ऑस्ट्रेलियात तसे नव्हते. अशा संस्थांतल्या पुष्कळ मुलांचे आईबाप, निदान त्यांपैकी एक तरी, हयात असत. दारिद्र्य, दारू, मारहाण, नवऱ्याने टाकलेली बाई, अशा कारणांनी मूल संस्थेत यायचे. सरकारने ताब्यात घेतलेल्या मुलाला ‘वॉर्ड ऑफ द स्टेट’ म्हणत, म्हणजे सरकारचे पाल्य. व्हिक्टोरियातला १८६४ चा कायदा तर नावातच दुर्लक्षित मुले आणि गुन्हेगार मुले यांना एका दावणीला बांधत होता. निराधार मुलाला न्यायालयापुढे उभे केले जाई ते जणू त्याच्यावर आरोप असल्यासारखे. आरोप काय, तर त्याला सांभाळणारे कोणी नाही. विसाव्या शतकात ऑस्ट्रेलियात पाच लाखांवर मुले संस्थांत किंवा परक्या घरी वाढली, असे तिथल्या संसदेच्या सिनेट समितीने २००४ मध्ये नोंदवले. अहवालाला नाव दिले ‘विसरलेले ऑस्ट्रेलियन’.

अशा मुलांना मोठे झाल्यावर जायला जागा कुठे? शेतावर मजुरी, नाहीतर फौज. लेस्ली ॲलनने दोन्ही केले. आधी शेतमजुरी, मग १९४० मध्ये सैन्यात भरती. सैन्याच्या अर्जात सर्वांत जवळच्या नातलगाचा रकाना असतो. आपण मेलो तर तार कुणाला पाठवायची, हे त्यात लिहायचे. घर असलेल्या मुलाला तो रकाना भरायला किती वेळ लागतो? संस्थेत वाढलेल्या मुलाचे पेन मात्र तिथे अडते.

त्याला पाठवले गेले मध्यपूर्वेत, ऑस्ट्रेलियाच्या दुसऱ्या–पाचव्या बटालियनमध्ये. काम मिळाले स्ट्रेचर उचलण्याचे. हे काम बाहेरून साधे दिसते. प्रत्यक्षात गोळीबार सुरू झाला की बाकीचे जमिनीला चिकटतात आणि स्ट्रेचरवाल्याला उठून उभे राहावे लागते, कारण जखमी माणूस तिकडे उघड्यावर पडलेला असतो. त्याला उचलायचे तर दोन्ही हात त्यातच गुंततात. स्वतःच्या बचावासाठी हात उरत नाहीत. लिबियात त्याने हे केले. १९४१ मध्ये मनावरच्या ताणाने तो इस्पितळात दाखल झाला. बरा होऊन पुन्हा बटालियनमध्ये आला आणि पुन्हा स्ट्रेचर धरले. पुढे सीरिया, मग काही महिने सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, आणि नंतर न्यू गिनी.

न्यू गिनी हे ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेचे मोठे बेट. दाट जंगल, रोजचा पाऊस, मलेरिया आणि उभे कडे. चिखलात पाय रुतला की निघत नाही. जखमी माणसाला तिथून खाली न्यायला तास नव्हे, दिवस लागत. स्थानिक पापुआन आणि न्यू गिनीयन हमालांनी शेकडो जखमींना अशा वाटांवरून खांद्यावर वाहून आणले. त्यांची नावे कुणी फारशी लिहून ठेवली नाहीत, तेव्हा निदान उल्लेख तरी इथे व्हावा. १९४३ च्या फेब्रुवारीत वाऊ नावाच्या ठिकाणी, क्रिस्टल क्रीकजवळच्या चकमकीत, ॲलनने गोळीबारातून आपले जखमी सोबती बाहेर काढले. त्यासाठी त्याला मिलिटरी मेडल मिळाले.

मग आला जुलै. सालामाउआच्या अलीकडे माउंट ताम्बू नावाचा डोंगर जपान्यांनी धरून ठेवला होता. ३० जुलै १९४३ ला त्यावर अमेरिकन तुकडीने हल्ला केला. चढण उभी, वरून मशीनगन आणि उखळी तोफांचा मारा. हल्ला फसला आणि जखमी माणसे उतारावर पडून राहिली. ॲलन ऑस्ट्रेलियन. तो हल्ला त्याच्या बटालियनचा नव्हता, ती माणसे त्याच्या ओळखीची नव्हती. तरी तो वर गेला. एकाला खांद्यावर टाकून खाली आणले, ठेवले आणि परत वर गेला. दुसरा. परत वर. असे त्याने बारा अमेरिकन उतरवले. अमेरिकेने त्याला सिल्व्हर स्टार दिला.

त्या दिवशी गॉर्डन शॉर्ट या छायाचित्रकाराने काढलेला एक फोटो आहे, तो मी कितीदा तरी पाहिला. भरभक्कम ॲलन चालत येतोय, खांद्यावर आडवा टाकलेला बेशुद्ध सैनिक. मेंढराला खांद्यावर घेतलेल्या मेंढपाळाचे चित्र आपल्या संडे स्कूलच्या भिंतीवर असते ना, तसेच दिसते. फरक इतकाच, की त्या चित्रातले मेंढरू डोळे उघडे ठेवून बघत असते.

मार्कच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षघाती आठवतो? चौघे त्याला बाजेसकट उचलून आणतात. दारात गर्दी, म्हणून छप्पर उसकटून खाली सोडतात. येशूने पाहिला तो त्या चौघांचा विश्वास, हे वचनात स्पष्ट आहे. या भागावर मी वीसेक उपदेश तरी ऐकले असतील. सगळे पक्षघाती माणसापाशी संपतात: तो उठला, बाज उचलली, चालू लागला, लोक थक्क झाले. बरोबरच आहे. पण ते चौघे? त्यांची नावे नाहीत. संध्याकाळी त्यांचे खांदे किती दुखले, हात सोलवटले का, फुटक्या छपराबद्दल घरमालक त्यांना काय बोलला, कशाचीच नोंद नाही. वाहून आणणाऱ्याचे काम झाले की आपण त्याच्याकडे बघायचे सोडतो. ॲलनच्या बाबतीतही जगाने फोटोपर्यंतच पाहिले. मला पुढचे सांगायचे आहे.

फोटो देशभर गाजला. ॲलन मात्र आतून मोडत चालला होता. १९४४ च्या सुरुवातीला त्याने एका अधिकाऱ्यावर हात उचलला आणि त्याची कॉर्पोरलची पट्टी काढून घेतली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याला सैन्यातून मोकळे केले. कारणांत मलेरिया होता, मनाची अस्वस्थता होती आणि आणखी एक नोंद होती. तिचा मराठीत अर्थ असा: स्वभावाची मूळ घडणच अस्थिर.

मूळ घडण! तीन-चार वर्षे माणसाने रक्तात आणि चिखलात हात घालून फुटलेली शरीरे गोळा केली, आणि कागदाने दोष दिला तो त्याच्या घडणीला. लढाईने त्याचे काही केले नाही, तो मुळातच तसा होता, असे म्हटले की प्रश्न मिटला. लहानपणी ज्याला ‘सांभाळणारे कोणी नाही’ म्हणून एका रजिस्टरात घातले, त्याला मोठेपणी ‘मूळचाच अस्थिर’ म्हणून दुसऱ्या रजिस्टरातून काढले. मधली बारा माणसे हिशेबात कुठे गेली?

वाचकहो, हे वाक्य आपल्याकडेही फार ऐकू येते. बोर्डिंगमधल्या मुलाने काच फोडली की ‘संस्थेतला आहे ना, असाच असायचा.’ तोच मुलगा दहावीला चांगले गुण मिळवतो तेव्हा ‘बघा, देवाने त्याला अनाथ केले ते याचसाठी.’ मला या दोन्ही बोलण्यांची चीड येते, आणि दुसऱ्याची जास्त, कारण ते साक्षीच्या सुरात बोलले जाते. ॲलनबद्दलही असे म्हणता येईल: घर नव्हते म्हणून तो इतरांसाठी धावला, देवाने त्याला दुःखात तयार केले. मी तसे म्हणणार नाही. लहान मुलांसमोरची मारहाण देवाने आखली आणि त्यातून शूर सैनिक घडवला, असा देव मला शुभवर्तमानात दिसत नाही. तिथे दिसतो तो मुलांना जवळ घेणारा, त्यांना अडवणाऱ्या शिष्यांवर रागावणारा येशू. ॲलन शूर होता तो स्वतःचा. त्याच्यावर झालेला अन्याय हा अन्यायच होता. पहिल्याने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

शिवाय आपण मराठी ख्रिस्ती लोकांनी तर हे बोलू नये. छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे १८९९–१९०० मध्ये, मिशनच्या अनाथाश्रमांत किती मुले आली! त्याआधी १८९६–९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या. आपल्यापैकी अनेकांची घराणी त्या मुलांपासून सुरू होतात. माझी पणजी त्यांतलीच. मंडळीच्या जुन्या रजिस्टरात तिच्या लग्नाच्या नोंदीत वडिलांच्या नावाच्या जागी एक आडवी रेघ आहे. आडनाव आमचे आहे ते पणजोबांचे. त्या रेघेच्या पलीकडे आम्हाला काही दिसत नाही. ‘मूळ घडण’ शोधायला निघालो तर आपण निम्मे लोक तिथेच थबकू.

ॲलन बॅलरॅटला परतला आणि त्याची वाचा गेली. सुमारे सहा महिने तो बोलला नाही. घशाला इजा नव्हती. शब्दच येत नव्हते. या काळात तो होता आपल्या काकाच्या शेतावर. हे वाचताना मला एलीया आठवला. कर्मेल डोंगरावर त्याच्यासाठी आकाशातून अग्नी उतरला होता, सारे इस्राएल पालथे पडले होते. आणि पुढच्याच अध्यायात, १ राजे १९ मध्ये, तोच एलीया रानात एका झुडपाखाली पडून मरण मागतो. आता बघा, देवदूत येऊन काय करतो. तो रागावत नाही. ‘काल एवढा पराक्रम केलास आणि आज हे काय?’ असे विचारत नाही. विश्वास कमी पडला म्हणून उपदेश करत नाही. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे उशाशी ठेवतो आणि म्हणतो, ऊठ, खा. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येतो, पुन्हा भाकर. देवाचा प्रश्न येतो तो पुढे होरेबला, चाळीस दिवसांनी. थकलेल्या माणसाला देवाने आधी जेवायला घातले आणि झोपू दिले.

काकाच्या शेतावर ॲलनला हेच मिळाले असेल असे मला वाटते. अंगमेहनतीचे काम, जेवण, आणि ‘बोल, बोल’ म्हणून मागे न लागणारे घर. हळूहळू वाचा परत आली. १९४९ मध्ये त्याने लग्न केले. पत्नी युद्धात सैन्याची परिचारिका होती. तिला काय आणि किती सांगावे लागले असेल, किंवा सांगावेच लागले नसेल. मुले झाली. आधी त्याने मजुरी केली आणि नंतर बॅलरॅटच्या सरकारी इस्पितळात शस्त्रक्रियेच्या विभागात मदतनीस म्हणून काम केले. म्हणजे पुन्हा रुग्णांना उचलणे, गाडीवर ठेवणे, आत नेणे, बाहेर आणणे. १९८२ मध्ये तो वारला. १६ नोव्हेंबर २००९ ला ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी संस्थांत वाढलेल्या त्या लाखो मुलांची देशाच्या वतीने माफी मागितली, तेव्हा त्याला जाऊन सत्तावीस वर्षे झाली होती.

हे सगळे आत्ता लिहायचे कारण आहे. आपल्या मंडळीतले आम्ही चार-पाच जण दर शनिवारी ज्या बालगृहात शिकवायला जातो, तिथला एक मुलगा यंदा अठरा पूर्ण करतोय. नाव लिहीत नाही. तो रोज पहाटे पाच वाजता धावतो, कारण त्याला अग्निवीर व्हायचे आहे. मागच्या महिन्यात कागद घेऊन माझ्याजवळ बसला. वडिलांचे नाव, मूळ गाव, कायमचा पत्ता. पत्त्यापाशी पेन थांबले.

‘काका, इथला लिहू?’

‘लिही की. अधीक्षक दाखला देतील.’

‘पण अठरा झाली की मी इथं नसणार.’

त्याचे खरे होते. अठरा पूर्ण झाली की बालगृह सोडावे लागते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात पुढे एकविसाव्या वर्षापर्यंत मदतीची तरतूद आहे आणि त्यासाठीचा अर्ज आम्ही केलाही आहे. कागदाचे होईल. त्याने पुढे विचारले ते कायद्यात नाही. ‘काका, जवानांना सुट्टी मिळते ना, महिना-महिना? तेव्हा सगळे गावी जातात. मी कुठं जायचं?’

भरतीत तो उतरेल की नाही ते प्रभू जाणे. उतरला नाही तरी हा प्रश्न राहतोच. मी तो प्रार्थनासभेत मांडला. पाळकसाहेबांनी लगेच प्रार्थना केली, आणि प्रार्थना झाल्यावर म्हणाले, ‘आता एकेकाने आपल्या घरातल्या खोल्या मोजा.’ थोडे हसू झाले, मग बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी शेवटच्या बाकावरून आमच्या मेरीमावशी उठल्या. वय अडुसष्ट, एकट्या राहतात, गुडघ्यांनी बेजार. म्हणाल्या, ‘माझी मागची खोली रिकामीच आहे. पत्ता माझा लिहा. पण त्याला सांगा, मला रात्री दहानंतर दार उघडायला जमत नाही, तेव्हा किल्ली त्याच्याकडंच राहू दे.’

किल्ली परवा करून घेतली. मागच्या खोलीत एक कॉट आहे, गादी हवी आहे. कुणाकडे असेल तर रविवारी उपासनेनंतर मला भेटा.